घट्ट मूठ म्हणजे ताकदवान मूठ नव्हे

ताकद म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पेठापेठांतून तालमी असलेल्या या गावात स्नायूवर बेताबेताने भार वाढवत नेला की बळ वाढते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. घोटाळा होतो तो ताठरपणाविषयी. हेमिप्लेजिक सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूच्या एका बाजूला लहानपणीच, बहुधा जन्मापूर्वी किंवा जन्माच्या सुमारास, इजा झालेली असते आणि शरीराची विरुद्ध बाजू अधू होते. अशा मुलाची मिटलेली मूठ उघडायला आईला जोर लावावा लागतो, आणि ते पाहणारे पाहुणे हमखास म्हणतात, "हातात ताकद तर बक्कळ आहे की!"

ती ताकद नव्हे. मुलाच्या इच्छेने लागते आणि त्याच्या इच्छेने सुटते, ती ताकद. ताठरपणात मात्र, मेंदूचे मज्जारज्जूवरील नियंत्रण कमी पडल्यामुळे, स्नायू ताणला जाताच आपोआप आखडतो, मग मुलाच्या मनात असो वा नसो. ताण जितका वेगाने द्यावा तितका विरोध वाढतो, ही त्याची खूण. बोटे झटक्याने उघडू गेल्यास मध्येच अडकतात, आणि तीच सावकाश उघडली तर बरीच पुढे जातात. (सावकाश नेऊनही, किंवा गाढ झोपेतही, ती उघडत नसतील तर स्नायू आखूड झालेला असू शकतो, तो प्रश्न निराळा असून त्यासाठी डॉक्टरांनाच दाखवावे.) आता त्याच मुलाला त्याच हाताने पाण्याचा तांब्या उचलायला सांगा. मनगट खाली वळते, पकड ढिली पडते आणि तांब्या निसटतो. ताठरपणा आणि अशक्तपणा एकाच हातात एकाच वेळी नांदतात, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच पुढची सगळी गफलत होते.

"हात आधीच कडक आहे, व्यायामाने आणखी कडक होईल," ही भीती एके काळी तज्ज्ञांमध्येही होती. तथापि गेल्या काही दशकांतील अभ्यासांत ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढल्याचे आढळलेले नाही. या भीतीपायी मुलाचा हात बिनकामाचा ठेवणे हे त्याचे नुकसान आहे.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे रबरी चेंडू. जो तो उठतो आणि मुलाच्या हातात दाबायला चेंडू देतो, याची मला मनस्वी चीड येते. स्वतःचे मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ घट्ट आवळून पाहा. आवळता येत नाही. मनगट साधारण २० ते ३५ अंश मागे उचललेले असते तेव्हाच पकडीला खरा जोर येतो. वाकलेल्या मनगटाने चेंडू दाबणारे मूल मिटण्याचाच सराव करते. त्याचे कमकुवत राहतात ते मनगट उचलणारे, बोटे उघडणारे आणि तळवा वर फिरवणारे स्नायू. व्यायाम त्यांना हवा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर ठेवावा, हाताच्या पाठीवर तांदळाची लहान पुरचुंडी बांधावी आणि मनगट सावकाश वर उचलायला लावावे. वजन किती आणि वेळा किती, हे थेरपिस्टने मुलाला तपासून ठरवावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांती देऊन, निदान तीन महिने हे चालावे.

मालिश हा व्यायाम नव्हे, एवढे एका वाक्यात पुरे.

वाढलेली ताकद आपोआप वापरात येत नाही. म्हणून दोन्ही हात लागतील अशी कामे रोज हवीत: भुईमुगाच्या शेंगा फोडणे, डबा अधू हाताने धरून दुसऱ्या हाताने झाकण उघडणे, शर्टाची बटणे लावणे. मुलाला उशीर लागतो म्हणून घरच्यांनी झाकण उघडून देऊ नये.

बोट्युलिनम इंजेक्शनाबाबतही हाच गोंधळ दिसतो. ते ताठरपणा कमी करते, ताकद देत नाही, आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. इंजेक्शन घेऊन स्वस्थ बसणाऱ्यांचे ते महिने वाया जातात. पंजा सैल असतो तेव्हाच मनगट उचलण्याचा व्यायाम नेटाने करून घ्यावा.