सँडबॉक्स ऑनलाइन खेळ : जुन्या खेळाडूचे नवखेपण

निर्मात्याने जग, त्याचे नियम आणि अवजारे पुरवायची. कथा, वैर, बाजारभाव आणि राज्ये मात्र खेळाडूंनी आपापसात घडवायची, अशा बहुखेळाडू ऑनलाइन खेळाला सँडबॉक्स खेळ म्हणतात. हे नाव मुलांच्या वाळूच्या हौदावरून पडले. ज्यात कामगिऱ्या ओळीने आखून दिलेल्या असतात तो थीम पार्क. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईकराला हा फरक एस्सेलवर्ल्ड आणि आझाद मैदान या दोन नावांतच कळतो. एकीकडे एकेकाळी तिकीट काढून राइडच्या रांगेत उभे राहावे लागे. दुसरीकडे एकाच वेळी कितीतरी सामने चालू, एका संघाचा मिड-ऑफ दुसऱ्याच्या स्लिपमध्ये, आणि चेंडू कोणाचा हे ओरडून ठरायचे.

या प्रकाराची सुरुवातीची मोठी प्रयोगशाळा म्हणजे अल्टिमा ऑनलाइन (१९९७). त्यात शाकाहारी प्राणी आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी अशी अन्नसाखळी बसवण्याचा घाट होता. खेळाडूंनी दिसेल ते जनावर मारून टाकल्याने तो बेत बारगळला. खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट यांचे ‘लॉर्ड ब्रिटिश’ हे राजपात्र चाचणीच्या काळातच एका खेळाडूने मारले. लूटमार इतकी माजली, की २००० मध्ये अशा हल्ल्यांना मज्जाव असलेली जगाची दुसरी प्रत काढावी लागली. पुढे आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा, अवकाशातल्या जहाजांचा ईव्ह ऑनलाइन (२००३) आणि बर्लिनमध्ये घडलेला अ‍ॅल्बियन ऑनलाइन (२०१७) हे नावाजले. अ‍ॅल्बियन २०२१ मध्ये मोबाइलवर आला आणि लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही खेळता येऊ लागला.

अशा खेळात अगदी कोऱ्या पाटीने आलेल्यापेक्षा रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका जगण्याच्या, खेळांत मुरलेला माणूस अधिक चाचपडतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळापासून (१९७४) चालत आलेली लेव्हलची शिडी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. जास्त वेळ घातला की जास्त ताकद, हा त्याचा हिशेब. ईव्हमध्ये तो चुकतो. तिथे कौशल्ये खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढतात, खेळाडू झोपलेला असला तरीही. त्यामुळे दहा वर्षे जुन्या खेळाडूला गाठण्याची आशा धरू नये. तशी गरजही नसते. प्रत्येक कौशल्याला पाचवी पायरी ही शेवटची, आणि हातातल्या जहाजाला लागणारी मोजकीच कौशल्ये त्या क्षणी कामाची. पहिल्या आठवड्यातला खेळाडू चिमुकले फ्रिगेट घेऊन शत्रूच्या अवाढव्य जहाजाला पळू न देण्याचे काम करू शकतो. याला टॅकल म्हणतात. कबड्डीत पाय धरून ठेवणाऱ्याला जे महत्त्व, तेच याला.

दुसरी खोड साठवणुकीची. शेवटच्या लढाईसाठी औषधाच्या बाटल्या राखून ठेवणारा गडी इथेही महागडे जहाज जपत बसतो आणि एके दिवशी ते सगळेच्या सगळे गमावतो. ईव्हमध्ये फुटलेले जहाज परत मिळत नाही. विम्याची थोडी भरपाई मिळते, आणि जहाजावरच्या सामानातले काही नष्ट होते, उरलेले जिंकणाऱ्याच्या हाती लागते. म्हणून बुडाले तरी रात्री झोप लागेल एवढ्याच किमतीचे जहाज बाहेर काढावे. स्वस्तातली पाच-दहा जहाजे मुद्दाम फोडून घेतली तर फारच उत्तम. हरण्याची भीड लवकर चेपते. ‘सुरक्षित’ म्हटलेल्या प्रदेशावरही विसंबू नये. तिथले कॉनकॉर्ड हे पोलीसदल हल्लेखोराला हमखास संपवते, पण हल्ला झाल्यावर. मालाची किंमत आपल्या जहाजांच्या किमतीपेक्षा जास्त भरते का, एवढा हिशेब करून लुटारू ती शिक्षा आधीच गृहीत धरतात. जिटा या मुख्य बाजारपेठेत ‘पैसे पाठवा, दुप्पट परत देतो’ असे खुलेआम पुकारणारे भेटतात. दामदुपटीच्या योजनांत पोळलेल्या शहराला हे नवे नाही. फरक इतकाच, की खेळाच्या चौकटीतली अशी फसवणूक नियमांत बसते आणि कंपनी पैसे परत करत नाही.

थोडक्यात, नवख्याला इथे कोणी कच्चा लिंबू धरत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे लवकरात लवकर एखाद्या गटात शिरणे. ईव्हमध्ये त्याला कॉर्पोरेशन म्हणतात, पण कारभार गणेशोत्सव मंडळासारखाच: पदाधिकारी, वर्गणी, रुसवेफुगवे आणि सगळ्यांची नजर असलेली तिजोरी. २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य युती रणांगणावर नव्हे, तर फितूर झालेल्या एका संचालकाने आतून विसर्जित केली. २०१४ च्या जानेवारीत एका सूर्यमालेच्या ताब्याचा हप्ता चुकला, सोसायटीचा मेंटेनन्स राहावा तसा, आणि त्यातून पेटलेल्या लढाईत टायटन जातीच्या ७५ महानौका नष्ट झाल्या. खेळाडू आजवर कोणकोणत्या गटांत होता ही नोंद सर्वांना दिसते, त्यामुळे भरती करणारे ती बायोडेटासारखी वाचतात. भूमिका जगण्याची जुनी सवय कामी येते ती इथे: आपल्या पात्राने दिलेला शब्द सांभाळणाऱ्याची ओळख होते, आणि ती कोणत्याही तलवारीपेक्षा टिकते.

गट निवडताना मुंबईतल्या खेळाडूने आधी घड्याळ पाहावे. ईव्हमध्ये चीन वगळता जगभरचे खेळाडू एकाच विश्वात असतात आणि खेळातली वेळ ग्रिनिचची. युरोपीय गटांच्या संध्याकाळच्या मोहिमा इथे मध्यरात्रीच्या आसपास रंगतात. पहाटेची लोकल पकडणाऱ्याने आशिया-ऑस्ट्रेलियाच्या वेळेचा गट गाठावा. अ‍ॅल्बियनने आशियासाठी २०२३ मध्ये वेगळा सर्व्हरच दिला. पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परतायला लागणाऱ्या वेळेची, धास्ती मात्र ईव्हपुरती फार नको, कारण त्याचा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो. पावसाळ्यात ऐन लढाईत इंटरनेट गेले, तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या खेळाडूशी नुकतीच चकमक झाली असेल तर मालक गायब झाला तरी जहाज पंधरा मिनिटे अवकाशात तसेच उभे राहते. ईव्हच्या सर्व्हरची रोजची देखभालीची सुट्टी भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारला सुरू होते. नोकरदार तेव्हा ऑफिसातच असतो.