शनिवार आणि डार्विन

जुन्या पुणेकरांना स्पायसर म्हटलं की आधी ब्राऊन ब्रेड आठवतो. पुण्यातल्या औंध रस्त्यावरचं हे ख्रिस्ती कॉलेज २०१४ साली राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झालं. तिथे जीवशास्त्र शिकायला निघालेल्या मुलाला नातेवाईक हमखास विचारतात, ‘पण डार्विनचं काय?’ या प्रश्नाची मुळं पुण्यात नाहीत.

स्पायसर चालवणारा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झाला. त्यांची शाळा १९१५ साली कोइमतूरला निघाली, बंगळूरमार्गे १९४२ मध्ये पुण्यात आली. पंथाच्या नावातच मेख आहे. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून हे लोक रविवार सोडून शनिवार पाळतात. ते सहा दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षं, असं मान्य केलं की शनिवारचा आधारच डळमळतो. इतर पंथांना उत्क्रांतीशी तडजोड तुलनेने सोपी गेली, यांना ती जड का जाते, ते इथे कळतं.

याच पंथातल्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात जीवाश्मांचे थर बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयात साचल्याचं मांडलं. भूशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. भूशास्त्रज्ञांनी ते फेटाळलं, तरी १९६० नंतर हा विचार इतर पंथांतही पसरला. पुण्यात बसून हे वाचताना गंमत वाटते. ज्या काळ्या खडकात इथलं पाताळेश्वराचं लेणं कोरलंय, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा! पंथाची भूमिका मात्र सैल झाली नाही. उलट २०१५ मध्ये त्यांच्या अधिकृत श्रद्धावचनात, ही सहा दिवसांची निर्मिती ‘अलीकडची’ आहे, असा शब्द घातला गेला.

म्हणून सगळ्या ख्रिस्ती संस्था एकाच मापाने मोजू नयेत. अनुवंशशास्त्राचा पाया घालणारा मेंडेल मठवासी होता. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यासाला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही अट ठेवून. आणि आपल्याजवळचंच उदाहरण हवं तर फादर सांतापाव. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले हे स्पॅनिश जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, खंडाळ्याचे डोंगर पालथे घालून तिथल्या वनस्पतींची नोंद करत राहिले आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले.