सुपरक्रिटिकल सीओटूची गोष्ट, म्हणजे खरं तर झाकणाची गोष्ट

मे महिन्यात नागपूरला ऑफिसच्या भिंतीवर जो सीओटूचा (म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा) लाल फायर एक्स्टिंग्विशर टांगलेला असतो ना, तो तापून 31 अंशांच्या वर गेला की आतला द्रव आणि वरचा वायू यांच्यातली रेघ पुसली जाते आणि आत सुपरक्रिटिकल सीओटू तयार होतो, कोणाला काही न सांगता. आकडे फार मोठे नाहीत बघा, 31.1 अंश सेल्सिअस आणि 73.8 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). त्याच्या वर गेलं की तो ना धड वायू ना धड द्रव, घनता द्रवासारखी पण बारीक फटींतून शिरतो वायूसारखा, आणि त्यात विरघळलेला माल प्रेशर कमी केलं की आपोआप खाली पडतो, सॉल्व्हंटचा मागमूस राहत नाही. इतकं सोपं असेल तर कारखान्यात यायला शंभर वर्षं का लागली? माझ्या मते केमिस्ट्रीमुळे नाही, भांड्यामुळे, आणि त्यातही झाकणामुळे.

सुरुवातच भांड्यापासून आहे. दनी पापँने 1679 च्या सुमारास हाडं शिजवायला बंद झाकणाचं भांडं केलं, सेफ्टी व्हॉल्व्हसकट, म्हणजे आपल्या कुकरचा पणजोबा. 1822 साली फ्रान्समधे कान्यार द ला तूरने तोच प्रकार तोफेच्या नळीच्या तुकड्यात केला, आत द्रव आणि गारगोटीची गोळी टाकली, नळी बंद करून तापवली आणि हलवून कान लावला. आधी गोळी द्रवात आपटल्याचा आवाज यायचा, एका तापमानानंतर तो आवाजच बदलला, म्हणजे द्रवाचा पृष्ठभागच उरला नव्हता. लोखंडात दिसणार काय, म्हणून बिचाऱ्याने कानाने शोध लावला! पुढे 1869 ला बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजने काचेच्या बारीक नळ्यांत नेमका सीओटूच घेऊन हे नीट मोजलं, 'क्रिटिकल पॉइंट' हे नाव त्याचंच. दहा वर्षांनी ग्लासगोत हॅने आणि हॉगार्थ यांनी दाखवलं की असल्या दाबलेल्या अल्कोहोलच्या वाफेत चक्क क्षार विरघळतात आणि प्रेशर सोडलं की बर्फासारखे खाली बसतात. म्हणजे 1880 पर्यंत मूळ कल्पना हातात होती. त्यानंतर हॅने लोखंडी नळ्या सील करून त्यात हिरे बनवायला गेला, बहुतेक नळ्या फुटल्या, ते प्रकरण सोडून देऊ.

पण सीओटू भांडं फोडू शकतो हे त्याही आधी कळलेलं होतं. 1830 च्या दशकात तिलोरिएने पॅरिसमधे द्रव सीओटू आणि त्यातून ड्राय आइस बनवायचं यंत्र केलं, आणि 1840 ला तसलंच एक बिडाचं यंत्र फुटून प्रयोग करणारा तरुण सहाय्यक गेला. बीड ताणाला कच्चं, वाकत नाही, एकदम तडकतं.

जाड भांडी बनवायला जगाला खरं शिकवलं ते अमोनियाने. 1913 ला जर्मनीत ओप्पाऊला हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा हाबर-बॉश प्लांट सुरू झाला, 200 बारच्या आसपास, आणि तिथे कार्ल बॉशची झोप उडवली ती हायड्रोजनने, तो स्टीलमधला कार्बनच खाऊन टाकायचा, मग आत मऊ लोखंडाचं अस्तर आणि मुरलेला हायड्रोजन निघून जायला बाहेरच्या कवचाला बारीक भोकं अशी युक्ती निघाली. ही विद्या पुढे सगळ्यांच्या कामी आली. मात्र अमोनियाचा रिअॅक्टर एकदा बंद केला की महिनोन् महिने उघडायचं काम नाही, सीओटूने कॉफीतलं कॅफिन काढायचं तर तसं नाही ना, बिया आत टाकायच्या, काही तासांनी काढायच्या, परत टाकायच्या.

कॉफी कशी आली ते सांगतो. कॅफिन काढायचा धंदा जुना, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने 1906 च्या सुमारास बेंझीनने सुरू केला (हो, बेंझीन, आणि लोक पीत होते). नंतर ट्रायक्लोरोएथिलीन आलं, 1975 ला अमेरिकेत त्याच्यावर कॅन्सरचा संशय जाहीर झाला, मग मिथिलीन क्लोराइड, म्हणजे एक सॉल्व्हंट गेला की दुसरा. इकडे म्युलहाइमच्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत, जिथे नोबेलवाले केमिस्ट कार्ल त्सीग्लर होते, कुर्ट त्सोझेल 1962 ला सुपरक्रिटिकल एथिलीनवर काम करताना बघतो की प्रेशर बदललं तर पदार्थ वेगवेगळे सुटतात. त्याने तो धागा पकडला आणि सीओटूवर आणला: ओल्या केलेल्या हिरव्या बिया, 70 ते 90 अंश, 160 ते 220 बार, सीओटू गोल फिरत राहणार आणि वाटेत पाण्याने धुतला जाऊन कॅफिन सोडणार. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रेमेनला कारखाना उभा राहिला, पाठोपाठ बिअरच्या हॉप्सचा अर्क, मग मसाले.

आता झाकणाकडे येऊ. एक मीटर व्यासाचं झाकण आणि 300 बार धरा, आतून वर ढकलणारा जोर होतो साधारण 2,400 टन. घरच्या कुकरला बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम एक बार जास्त असतं, तरी शिट्टी अडकली की आपण लांब उभे राहतो. इतका जोर धरणारं झाकण बोल्टांनी आवळलं तर प्रत्येक बॅचला तास दोन तास त्यातच जाणार, म्हणून क्लॅम्पने झटकन बंद होणारी झाकणं आली, आणि सोबत इंटरलॉक, म्हणजे आत थोडं जरी प्रेशर असेल तर झाकण हलणारच नाही. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर हेच करतो, वाफ असेपर्यंत उघडत नाही. शिवाय रोज प्रेशर चढव-उतर केल्याने धातू थकतो, तार वाकवून वाकवून तुटते तसा, त्यामुळे वेसल, म्हणजे हे भांडं, डिझाइन करताना नुसतं किती प्रेशर एवढंच नाही, किती वेळा हेही मोजावं लागतं. ह्यूस्टनला 1980 च्या दशकाच्या शेवटी मॅक्सवेल हाउसच्या प्लांटमधे यावर भारी तोड काढली, सुमारे 70 फूट उंच वेसल, मुख्य वेसल उघडायचीच नाही, वर आणि खाली छोटे कप्पे ठेवायचे, बिया वरच्या कप्प्यातून थोड्या थोड्या आत आणि तेवढ्याच खालून बाहेर. चढउतार फक्त कप्प्यांनी सोसायचा.

सील गेली की काय होतं ते स्वीडनमधे दिसलं. 1984 ला श्योबो गावात एरोजेलच्या (जेलमधला द्रव काढून त्या जागी हवा राहिलेला अगदी हलका पदार्थ) कारखान्यात मोठ्या ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या भांड्याच्या, सीलमधून गरम मिथेनॉल गळून स्फोट झाला, तेव्हा जेलची वाळवण मिथेनॉलनेच, 240 अंशांच्या वर व्हायची. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बर्कलीहून तेवारी आणि हंट यांचा पेपर आला, अल्कोहोलच्या जागी सीओटू भरा, 40 अंशांत काम होतं आणि पेट घ्यायचा प्रश्न नाही.

पेटत नाही म्हणून निवांत राहावं असं मात्र नाही. 300 बारला एक घनमीटर वेसलमधे 800-900 किलो सीओटू मावतो, सुटला तर 400 घनमीटरच्या वर पसरतो, खोलीत खाली साचतो, माणूस गुदमरतो. 1969 च्या 2 जानेवारीला हंगेरीत रेपत्सेलाकला द्रव सीओटूच्या साठवण टाक्या फुटल्या, नऊ माणसं गेली. प्रेशर झपकन सोडलं तर तापमान उणे 78 पर्यंत जातं, साधं स्टील ठिसूळ होतं आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात ड्राय आइस अडकू शकतो. त्यात पाणी असेल तर कार्बॉनिक अॅसिड, म्हणून आतून स्टेनलेस.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत ममता मुखोपाध्याय यांनी मसाले आणि फुलांच्या अर्कांवर यात बरीच वर्षं काम केलं, आणि दाबाखालच्या वायूच्या टाक्यांचे नियम, 1981 चे आणि मग 2016 चे, बघणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन, केंद्र सरकारची संस्था) मुख्यालय नागपूरलाच.

आणि या सगळ्यात सगळ्यात जास्त सतावते ती रबरी ओ-रिंग, म्हणजे झाकणाची फट बंद करणारी गोल रिंग. सीओटू रबरात मुरतो, प्रेशर घाईने उतरवलं की आतल्या आत फुगून रिंगला फोड येतात, बाहेरून ठीक दिसते आणि पुढच्या बॅचला गळते. म्हणून ऑपरेटर प्रेशर हळूहळू उतरवतो, मागे कितीही माल थांबलेला असो.