रुईचा मध, तरवडाचं पीठ

एप्रिलच्या दुपारी सोलापूरजवळ नान्नजकडच्या माळावर गवत वाळून पार गेलेलं असतं, हिरवी म्हणून दिसते ती रुई, आणि तिच्यावर एक मोठा काळाकुट्ट भुंगा घूंऽऽ करत फिरत असतो, उन्हात पंखांना निळीजांभळी झाक. हा भुंगा म्हणजे मधमाशीच बरं का, पण एकटी राहणारी. पोळं नाही, कामकरी माशांची फौज नाही. एकटी मादी वाळक्या लाकडात, जुन्या घराच्या वाशात बोगदा कोरते, आत पराग आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत घालून पुढची खोली. शास्त्रीय नाव झायलोकोपा, ग्रीकमध्ये लाकूड तोडणारा.

आता खरी मजा तिच्या जेवणात आहे. रुईत मध भरपूर, पण रुईचे परागकण सुटे नसतातच, बारीक पिशव्यांच्या जोड्या असतात, फुलाच्या फटीत पाय गेला की जोर लावून ओढताना ती जोडी पायाला अडकून बाहेर येते, आणि पुढच्या फुलात जाऊन बसते. भुंग्याच्या अंगात तेवढा जोर आहे. पण ही पिशवी पिल्लाच्या गोळ्यासाठी काही कामाची नाही.

मग पराग कुठून आणायचा? तर तरवडातून. नवरात्रात घटाच्या माळेला आपण वापरतो ना, तीच पिवळी फुलं. त्यात मध अजिबात नसतो, नुसते पराग, तेही बंद नळीत, टोकाला एवढंसं भोक. भुंगा नळी घट्ट धरतो, पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवतो आणि पावडरच्या डब्यातून पडावं तसं पीठ पोटावर पडतं, त्यावेळी आवाज एकदम बारीक होतो, जवळ उभं राहून ऐकाच. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलांनाही असाच हादरा लागतो, आणि पोळ्यातल्या मधमाशीला तो देताच येत नाही!

म्हणून बांधावरची रुई आणि तरवड दोन्ही लागतात, एक काढलं की भुंग्याचं ताट अर्धं झालं. मध आणि पराग दोन्ही एकाच फुलात हवं तर तूर. तुरीची खालची पाकळी मिटलेली असते, भुंगा बसला की त्याच्या वजनानं ती दबते, आतले पराग पोटाला माखतात, वर मध प्यायला मिळतो, आणि तसाच पिवळा होऊन तो पुढच्या झाडावर जातो.