हचिन्सन, टॉमस

(९ सप्टेंबर १७११ – ३ जून १७८०). ब्रिटिश अमलाखालील मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर, न्यायाधीश व इतिहासकार. बॉस्टनच्या सधन व्यापारी घराण्यात जन्म. धर्ममतांपायी याच वसाहतीतून हद्दपार झालेली ॲन हचिन्सन ही त्याची खापरपणजी. १७२७ मध्ये हार्व्हर्डची पदवी घेऊन तो व्यापारात पडला. १७३७ मध्ये विधानसभेवर निवडून आला आणि १७४६ मध्ये तिचा सभापती झाला.

वसाहतीच्या कागदी चलनाची तेव्हा पार घसरण झाली होती. लुईबर्ग या फ्रेंच किल्ल्यावरील मोहिमेच्या खर्चापोटी इंग्लंडहून १,८३,००० पौंडांवर भरपाई मिळाली, ती चांदीच्या रूपाने १७४९ मध्ये आली. तिच्यातून जुन्या नोटा मोडीत काढण्याची योजना हचिन्सनची. ती यशस्वी झाली, पण स्वस्त पैशाला सोकावलेले ऋणको बिथरले आणि त्याची विधानसभेतली जागा गेली.

यानंतर त्याची चढती कमान राजकृपेची होती. तो १७५८ मध्ये नायब गव्हर्नर झाला आणि दोनच वर्षांनी, वकिलीचे शिक्षण नसताना, सरन्यायाधीशही. साडू अँड्र्यू ऑलिव्हर वसाहतीचा सचिव होता. व्याही पीटर ऑलिव्हर पुढे सरन्यायाधीश झाला. एकाच गोतावळ्यात इतकी पदे, हा आक्षेप विरोधकांनी उगाच घेतला नव्हता. सरन्यायाधीशपद आपल्या वडिलांना मिळावे ही बॉस्टनचा वकील जेम्स ओटिस याची अपेक्षा फसली आणि हचिन्सनला कायमचा वैरी मिळाला.

वसाहतींतील कागदपत्रांवर कर लादणारा ब्रिटिश संसदेचा मुद्रांक कायदा हचिन्सनला खासगीत मान्य नव्हता. पण संसदेने केलेला कायदा पाळलाच पाहिजे, यावर तो ठाम राहिला. २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री जमावाने त्याची हवेली लुटली, आतल्या भिंती पाडल्या, छपरावरचा घुमट उतरवला, बागेतली झाडे तोडली. मुलगी सॅली त्याला सोडून जायला तयार होईना, म्हणून तोही शेजाऱ्याकडे निघाला आणि वाचला. दुसऱ्या दिवशी तो अंगावरच्या वस्त्रांनिशी न्यायालयात हजर झाला. न्यायाधीशाचा झगासुद्धा उरला नव्हता. रस्त्यावर फेकलेले त्याच्या इतिहासग्रंथाचे हस्तलिखित अँड्र्यू एलियट या धर्मोपदेशकाने चिखलातून वेचून परत केले.

ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या त्या बॉस्टनच्या हत्याकांडाच्या वेळी (५ मार्च १७७०) तो हंगामी गव्हर्नर होता. त्या रात्री सज्जातून लोकांना कायद्याने न्याय होईल अशी ग्वाही देऊन त्याने प्रसंग सावरला. १७७१ मध्ये तो पूर्ण गव्हर्नर झाला. पण वसाहतींतील इंग्रजी स्वातंत्र्याला काही कात्री लागलीच पाहिजे, असे त्याने लिहिलेले जुने पत्र बेंजामिन फ्रँक्लिनमार्फत बॉस्टनला पोहोचून १७७३ मध्ये छापले गेले आणि त्याची उरलीसुरली पत संपली.

त्याच वर्षी जकात लावलेल्या चहाचा पेच आला. बंगालची दिवाणी हाती असूनही डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा हा माल. चहा मात्र चिनी. तो घेणाऱ्या अडत्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. इतर बंदरांत तडजोडी निघाल्या. हचिन्सनने मात्र जकात भरल्याविना जहाजांना परतीचा परवाना नाकारला. १६ डिसेंबरला आंदोलकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. नियमाला धरूनच तो वागला, पण नेमक्या त्या आठवड्यात नियमाला चिकटण्याइतकी महागडी चूक दुसरी नसावी.

१ जून १७७४ रोजी, चहाच्या प्रकरणाची शिक्षा म्हणून बॉस्टन बंदर बंद झाले त्याच दिवशी, नवा गव्हर्नर जनरल गेज याच्या हाती कारभार सोपवून तो इंग्लंडला गेला. त्याच्या मते ही काही महिन्यांची रजा होती. बॉस्टनजवळच्या मिल्टनची त्याची मालमत्ता नंतर जप्त झाली. ऑक्सफर्डने त्याला सन्माननीय पदवी दिली, ती ४ जुलै १७७६ रोजी. लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्याने लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचा तिसरा खंड १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. विरोधकांबद्दल त्यातला सूर बऱ्यापैकी संयत असल्याने अभ्यासक तो आजही वापरतात.