आगीच्या कोटातला घाम

वडगावात माझ्या ओळखीचे एक यंत्रमागवाले अण्णा आहेत. परवा त्यांनी पेपरातली निविदा सूचना माझ्यापुढं सरकवली. कुठल्याशा शहराच्या मंडळाला बंबावरच्या जवानांसाठी संरक्षक पोशाख घ्यायचे होते. ई-निविदा, अनामत रक्कम, आधी तांत्रिक पाकीट उघडणार, मग दराचं, आणि ज्याचा दर कमी त्याला काम. (कोल्हापुरात बंब महापालिकेचा, आमच्या बेळगावात तो राज्याच्या अग्निशमन खात्याचा. त्यामुळं अशी सूचना इथल्या माणसाला जरा परकीच वाटते.) साड्या विणण्यात जन्म गेलेल्या अण्णांचा हिशेब मात्र सरळ होता. "जाड कापूड दिलं की झालं की ओ सर! जीएसएम बघायचं, दर टाकायचा."

जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन. वजनावर गूळ घ्यावा. हा कोट वजनावर घेतला तर आतला माणूस उकडून निघेल, आणि हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही.

कोटाला तीन थर असतात. बाहेरचा अ‍ॅरमिड नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. सुती कापडाला जळत राहायला साधारण १८ टक्के पुरतो, म्हणून ते पेटलं की पेटतच जातं. मेटा-अ‍ॅरमिड या अ‍ॅरमिडच्याच प्रकाराला २८ टक्क्यांच्या आसपास लागतो. तेवढा हवेत नाहीच, त्यामुळं ज्योत बाजूला झाली की ते आपोआप विझतं. पॉलिएस्टर २६० अंशांच्या सुमाराला वितळून कातडीला चिकटतं. अ‍ॅरमिड वितळत नाही, नुसतं कोळसतं. आपल्या धनगरांच्या घोंगडीची लोकरही २५ च्या घरातली. शेकोटीची ठिणगी पडली तर घोंगडीला भोक पडतं, घोंगडी भडकत नाही.

पण न पेटणं वेगळं आणि उष्णता अडवणं वेगळं. उष्णता अडवते ती हवा. कोटाच्या सगळ्यांत आतल्या, गोधडीसारख्या टाचलेल्या थरात ती कोंडलेली असते. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६, पाण्याची ०.६. म्हणजे पाणी जवळजवळ तेवीस पटींनी उष्णता पुढं ढकलतं. त्या गोधडीत घाम मुरला की हवेच्या जागी पाणी बसतं. वर आगीच्या धगीनं त्याच पाण्याची वाफ झाली तर विचारूच नका. गुऱ्हाळावर काहिलीशी वावरलेल्या माणसाला वाफेचा चटका काय असतो ते सांगावं लागत नाही. श्वसनयंत्राच्या पट्ट्याखाली खांद्यावर किंवा गुडघे टेकल्यावर गोधडी दबते, हवा निघून जाते, आणि भाजतं ते नेमकं तिथं.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १९७१ क्रमांकाच्या मानकात (ते आता १९७० क्रमांकाच्या मानकात सामावलंय) यासाठी टीपीपी नावाचा आकडा आहे. कापडावर चौरस मीटरला ८४ किलोवॉट उष्णता सोडतात, निम्मी ज्योतीची आणि निम्मी किरणांची. भर दुपारचं ऊन साधारण १ किलोवॉट असतं. म्हणजे चौऱ्याऐंशी सूर्य एकदम. पलीकडे कातडीला फोड येण्याइतकी उष्णता पोचायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि दोननं गुणायचं. किमान ३५ यायला हवं, म्हणजे साडेसतरा सेकंद. खोली एकाएकी पेटून उठली तर दारातून बाहेर पडायला मिळालेले हे सेकंद आहेत, आत उभं राहायला नव्हे.

सेकंदांचा विषय निघाला म्हणून सांगतो. जत्रेत निखाऱ्यांवरून चालतात त्यातही हेच. राख धरलेला निखारा उष्णतेचा मंद वाहक, आणि पाय टेकतो तो क्षणभर. अंगात कुणी यायची गरज नाही. ज्याला शंका आहे त्यानं तेवढ्याच तापलेल्या लोखंडी पत्र्यावर चालायचा विचार मनात आणून बघावा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला कुठलाही कामगार हात धरून मागं ओढेल. माहितीपत्रकांतल्या 'अंतराळ तंत्रज्ञानाच्या कापडा'लाही मी याच रांगेत बसवतो. चाचणीचा आकडा दाखवा म्हटलं की अंतराळ लगेच जमिनीवर येतं.

आता माझा लाडका थर, मधला. पाणी आत येऊ नये, वाफ मात्र बाहेर जावी, असं त्याचं काम. १९६९ मध्ये बॉब गोर हे गृहस्थ टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक जोराचा हिसका दिला. कांडी तुटली नाही, कित्येक पट लांबली, आणि आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. मधल्या थरात असाच पडदा असतो. छिद्र मायक्रॉनहून लहान. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळं त्यात शिरू शकत नाही. वाफेचा सुटा रेणू एका नॅनोमीटरच्याही आत, तो सहज निसटतो.

पण निसटतो कुठल्या बाजूला? जिकडं बाष्पदाब कमी तिकडं. कोटाच्या आत ३५ अंशाला हवा घामानं संपृक्त असेल तर तिथला बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल. बाहेर बेळगावचा श्रावण, २२ अंश, हवा चिंब. तरी दाब २.६ च्या आसपासच. म्हणजे आर्द्रता दोन्हीकडं शंभर टक्के असूनही वाफ बाहेरच जाते. उलट आगीजवळ, बंबाच्या पाण्यानं भिजलेला बाहेरचा थर तापला की दाब बाहेर वाढतो आणि वाफ आत घुसू बघते. पडदा तोच, वाट उलटी.

वाफेबरोबर अंगातली किती उष्णता बाहेर पडते, त्याचा आकडा टीएचएल. त्याच मानकात तो किमान २०५ वॉट प्रति चौरस मीटर आहे. पाइप खांद्यावर घेऊन जिने चढणारं शरीर पाचशे वॉटच्या वर सहज जातं. गोधडी जाड केली की टीपीपी चढतो, टीएचएल उतरतो, आणि जवान आगीनं नाही तर उष्माघातानं कोसळतो. म्हणून निविदेत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेत, आणि प्रयोगशाळेचा अहवाल दराच्या पाकिटाआधी तपासायला हवा. आपल्याकडंही २०१८ पासून आयएस १६८९० हे मानक आहे.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग खरा कापडवाल्याचा प्रश्न विचारला, "धुवायचं कसं ओ?"

ब्लीच घालायचं नाही, आणि उन्हात वाळवायचं नाही. अतिनील किरणांनी अ‍ॅरमिड कमजोर होतं. सावलीत, वाऱ्यावर.

"मग बेळगाव बरं की," अण्णा म्हणाले. "चार महिने ऊन कुठं असतंय हितं?"