किशोरवयीनांतील हिवताप : गोव्यातील जोखीम घटक

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानते. हिवतापाचा (मलेरिया) विचार होतो तेव्हा पाच वर्षांखालची बालके आणि गर्भवती आधी डोळ्यांसमोर येतात, ते योग्यच आहे. पण मधले हे वय त्यामुळे नजरेआड राहते. जिथे हिवताप बारमाही असतो, तिथे या वयापर्यंत अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. गोव्यात रोगाचे प्रमाण कमी असल्याने तसे संरक्षण इथल्या मुलांना मिळत नाही.

हिवतापाची ओळख गोव्याला जुनी आहे. जुने गोवे ओस पडले त्यात पटकीबरोबर याही तापाचा वाटा होता. पुढे १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आजचा हिवताप मात्र बांधकामांच्या वाटेने येतो. तो पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डासाला गटार नको, साठलेले स्वच्छ पाणी लागते : उघडी टाकी, वापरात नसलेली विहीर, लिफ्टचा खड्डा. नव्या स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले राहून पक्के व्हावे म्हणून, सिमेंटच्या कडा घालून पाणी साठवतात. त्यात वाकून पाहिले तर अळ्या पाण्याला समांतर, आडव्या पडलेल्या दिसतात. क्युलेक्स डासाच्या अळ्या डोके खाली करून लोंबतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि क्युरिंगही साधारण तेवढेच दिवस चालते.

म्हणूनच सर्वांत मोठा धोका या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजूर कुटुंबांतील मुलांना असतो. गोव्यात बांधकाम मजुरांना रक्ततपासणी करून मिळणारे आरोग्य कार्ड सक्तीचे आहे. मात्र काकाबरोबर हाताखाली काम करायला आलेला, हजेरीपटावर नाव नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा रक्ततपासणीतून सहज सुटू शकतो.

इतर मुलांचा धोका त्यांच्या वेळापत्रकात दडलेला आहे. डास अंधार पडू लागला की चावायला निघतो, तेव्हा मुले हाफपँटीवर फुटबॉल खेळत असतात किंवा शिकवणीहून परतत असतात. ऐन पावसाळ्यात चतुर्थी येते आणि घुमट (मातीचे तालवाद्य) घेऊन घरोघरी आरत्या रात्री उशिरापर्यंत रंगतात. घरातली एकुलती मच्छरदाणी धाकट्या भावंडाला मिळते, थोरला पंख्याखाली झोपतो.

पाळी सुरू झालेल्या मुलींत रक्तक्षय आधीच जास्त. हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा त्यांना थकवा लवकर गाठतो. किशोरवयातील गरोदरपणात धोका आणखी वाढतो.

अर्धवट उपचार या वयात फार होतात आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवसांचे असते, पण यकृतात दडलेले परजीवी मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप चौथ्या दिवशी उतरतो, परीक्षा जवळ असते, गोळ्या दप्तरात राहून जातात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हुडहुडी पुन्हा भरते, तेव्हा नवा डास चावलेलाच नसतो.